अकरा घोंगड्यांखाली

आमच्या दारात चाकांवरचं घर आलं, तेव्हा आमच्या बिनचाकांच्या घराला धड दारही नव्हतं. तेलाच्या डब्यांचे पत्रे ठोकून केलेलं एक फळकूट होतं. ते झोपताना आडवं लावायचं आणि उजाडलं की उचलून भिंतीला टेकवायचं. तलवाड्यापासून अर्ध्या कोसावर, माळाच्या कडेला, आमची सात-आठ घरांची धनगरांची वस्ती होती. घरं म्हणजे पावसाळ्यापुरती अंग टेकायची जागा. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन सगळे बाहेर पडायचे, गोदाकाठानं आणि उसाच्या पट्ट्यानं लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत फिरायचे आणि उन्हाळा तापायला लागला की परत यायचे. वर्षातून निम्मा काळ रिकाम्या राहणाऱ्या घराला दार कशाला, असं आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हणणं होतं. आणि त्याच आबांनी त्या साली काचेच्या खिडक्या, पितळी कडी आणि आत हात धुवायचं भांडं असलेलं घर बैलांना जुंपून आणलं. वस्तीवरची कुत्री तासभर भुंकत होती. माणसंही काही कमी बोलली नाहीत.

माजलगावच्या धरणाच्या कामावर साहेब लोकांना राहायला म्हणून ती गाडी होती. दोन चाकं, पुढं ओढायची लोखंडी दांडी, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून लाकडी तक्त्यांचं अस्तर, भिंतीला दुमडून ठेवता येतील असे दोन पलंग. त्या भागातलं काम उरकलं आणि गाडी नुसती उन्हात उभी राहिली. आबांची मेंढरं तेव्हा जवळच्याच रानात बसलेली. तिथल्या सामानाच्या राखणदाराशी बोलणं झालं आणि सात मेंढ्यांच्या बदल्यात गाडी आमची झाली. आबांनी पुढच्या दांडीला बाभळीचं लाकूड बांधून त्यावर जू बसवलं आणि तीन मुक्काम करून ती घरी आणली. वस्तीनं पहिल्याच दिवशी तिचं नाव 'डबा' ठेवलं. नाव ठेवायला आमच्याकडं कधी कुणाला उशीर लागला नाही.

डबा आईसाठी आणला होता. दोन वर्षांमागं ओल्या बांधावरून लादलेलं घोडं घसरलं, त्याला सावरताना आई खाली आली आणि तिचा उजवा गुडघा गेला. तेव्हापासून ती आबांबरोबर जाईनाशी झाली. ती घरी राहिली म्हणून मीही राहिले आणि त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा माझी शाळा सलग झाली. त्याआधी माझी शाळा दिवाळीला बंद पडायची ती पावसाळ्यात उघडायची, आणि तोवर बरोबरीच्या मुली भागाकार शिकून पुढं गेलेल्या असायच्या. आबा मात्र त्या दोन वर्षांत वाळले. भावकीतली दोन बिऱ्हाडं बरोबर असायची, तीच त्यांना भाकरी करून घालायची, पण आबा म्हणायचे, "दुसऱ्याच्या चुलीची भाकर घशाखाली उतरत न्हाई." बायकोची आठवण येते असं म्हणायची आमच्याकडं रीत नव्हती. म्हणून त्यांनी भाकरीचं नाव घेतलं आणि सात मेंढ्या देऊन टाकल्या. आता आई पलंगावर बसून येईल, घोड्यामागं चालावं लागणार नाही, पाऊस लागणार नाही, ऊन लागणार नाही. दिवाळीचा पाडवा झाला की दुसऱ्या दिवशी आपण तिघं निघायचं. हे सगळं त्यांनी जू सोडता सोडता सांगून टाकलं. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "बैलांना पाणी दावा आधी."

दिवाळीला सात महिने होते. तोवर डबा नीट राहिला पाहिजे, एवढं एकच काम आबांनी मनावर घेतलं. आता, इतक्या वर्षांनी, परवा माझ्या मुलानं नवी मोटार आणली आणि तिला चंदेरी कापडाचा झगा चढवला. तो झगा उडू नये म्हणून खालून पट्टे, पट्ट्यांना चाप. मी पायरीवर बसून बघत होते आणि माझा गुडघा ठणकत होता. आईचा ठणकायचा तोच, उजवा. मुलगा म्हणाला, "आई, अशी काय बघतेस?" मी म्हटलं, काही नाही. साठी उलटल्यावर माणूस किती वेळा 'काही नाही' म्हणतो, ते कुणीतरी एकदा मोजायला हवं.

तर उन्हाळा. आमच्याकडचा वैशाख म्हणजे भांड्याला हात लावला तरी चटका. डब्याचा पत्रा दुपारी तापून तडतड आवाज करायचा आणि दिवस कलला की तसाच तडतडत निवायचा. आबांनी डबा घरामागच्या लिंबाखाली घेतला. चाकांवर भार राहिला तर रबर फुगवटा धरतं, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. म्हणून चार मोठे दगड रचून त्यांनी डबा त्यावर टेकवला आणि चाकं मोकळी केली. चाकांना गोणपाट गुंडाळलं आणि त्यावर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं काम मला दिलं. प्यायचं पाणी आम्ही अर्ध्या मैलावरच्या विहिरीवरून आणायचो. डोक्यावर दोन घागरी घेऊन येताना, यातली अर्धी एक चाकांना जाणार, या विचारानं मान जास्तच दुखायची. उंदरांनी गाद्या कुरतडू नयेत म्हणून आत लिंबाचा पाला पसरला. चाकांच्या आसांना वंगण हवं म्हणून आबांनी मेंढीची चरबी वितळवून चोपडली. ती वस्तीवरच्या कुत्र्यांनी चाटून साफ केली. आबांनी पुन्हा चोपडली, कुत्र्यांनी पुन्हा चाटली. शेवटी आई म्हणाली, "कुत्रेच जुंपा गाडीला, खाऊन खाऊन तयार झालेत." आबा हसले. त्या उन्हाळ्यात ते बरेचदा हसायचे. वावटळ आली की धावत जाऊन दोर तपासायचे, कारण डबा त्यांनी पालासारखा चारी बाजूंनी खुंट्यांना ताणून बांधला होता. तासभर राबून, घामेजून आत यायचे, हुलग्याचं माडगं भुरकायचे आणि म्हणायचे, "वाऱ्याची काळजी मिटली."

आईनं त्या उन्हाळ्याच्या शेवटी एक उद्योग केला. मोरीचं पाणी जिथं मुरायचं तिथं तिनं घोसाळ्याच्या चार बिया टोचल्या. तीन उगवल्या, दोन कोंबडीनं खाल्ल्या, एक वेल राहिला. तिच्या फिरतीवरच्या सगळ्या आयुष्यात तिनं पेरलेल्या कशाचंही फळ तिनं पाहिलं नव्हतं. मुक्काम हलायचा. तिनं कुठं कुठं मिरचीचं, कुठं भोपळ्याचं बी टोचलेलं असायचं, आणि ते कुणाच्या ताटात गेलं देव जाणे. घरी राहिल्यावर पहिल्या वर्षी तिनं घोसाळी लावली, आणि पहिलं घोसाळं हाताला लागलं तेव्हा ती ते कितीतरी वेळ पदरात घेऊन बसली होती. मग त्याची भाजी केली, येसराचा मसाला घालून, पातळ. मला म्हणाली, "मुक्ते, काल जिथं चूल मांडली तिथंच आज हाय. उंद्याबी तिथंच ऱ्हाईल." मी तेव्हा नुसती जेवत होते. आज त्या वाक्यापाशी मी फार वेळ थांबते.

तर त्या वेलाला चढायला आधार हवा होता आणि सगळ्यात जवळ होती ती डब्याची दांडी. आषाढात वेल दांडीवर चढला, तिथून खिडकीपाशी गेला. आबा म्हणाले, "आगं, गाडीला गुतवा व्हतोय. काढ त्यो." आई म्हणाली, "फुलं लागलीत. तेवढी फळं निघू द्या."

पावसाळ्याच्या तोंडावर दगडूमामा आला होता. आईचा धाकटा भाऊ. चौसाळ्याला हमरस्त्यावर त्याचं पंक्चर काढायचं दुकान होतं. ट्रकवाल्यांमध्ये वावरून तो जरा जास्तच शहाणा झालेला, असं आबांचं मत. त्यानं डब्याभोवती दोन चकरा मारल्या, खाली वाकून बघितलं, छपरावर चढून खिळ्यांच्या रांगेवरून बोट फिरवलं.

"दाजी, हितून पानी शिरनार," तो म्हणाला. "पत्र्याचे जोड जुने हायेत. आसं करा, चार खांब रोवा, वर पत्रे टाका. बाजूनं मोकळं ठिवा, वारं खेळाया पायजे. आन पुढला दगड वाढवून तोंड उचला जरा. पानी मागं वघळून जाईन."

"घराला पत्रा न्हाई अन् डब्याला पत्रा?"

"मंग ताडपत्री आनतो मी दुकानातली. पर ती चिटकून नका टाकू, मधी बांबू धरा."

आबा तोवर ऐकत होते. ताडपत्री म्हटल्यावर ते उभे राहिले. "दगडू, लई झालं तुजं. ताडपत्रीला घाम येतो. मी चाळीस पावसाळे ह्या घोंगडीखाली काढलेत. आंगावर पाऊस, खाली पाऊस, आन आत मी कोरडा. तू मला पाऊस शिकिवतो व्हय?"

मामा म्हणाला, "दाजी, तुमी चालता. घोंगडी झटकता. डबा चालतोय का?"

मामा जेवून गेला. जाताना मला हळूच म्हणाला, "बापाला सांग, ताडपत्री लागली तर निरोप धाडा." तो निरोप आम्ही धाडला नाही.

घोंगडीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर आबा मूर्ख वाटतील आणि ते मूर्ख नव्हते. आमच्या मेंढरांची लोकर, आमच्याच ओळखीच्या सणगरानं विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली काळी घोंगडी. धनगराचा जन्म तिच्यावर, लग्नात बसायचं तिच्यावर, आणि शेवटी निजवायचंही तिच्यावरच. उभ्या पावसात ती डोक्यावरून घेतली की थेंब वरच्या वर ओघळतात. ओली झाली तरी आत ऊब राहते. हे त्यांनी कुणाकडून ऐकलेलं नव्हतं, अंगावर घेतलेलं होतं. ज्या वस्तूनं आपल्याला कधी दगा दिला नाही ती आपल्या सगळ्यात मोलाच्या वस्तूवर टाकावी, यात चुकलं काय? आम्ही असेच आहोत. दुसऱ्या कुणाला ही चूक सुचलीसुद्धा नसती.

घरात होत्या त्या पाच, सणगराकडून नव्या आणलेल्या चार आणि भावकीतून मागून आणलेल्या दोन, अशा अकरा घोंगड्या त्यांनी दाभणानं एकमेकींना कड शिवून डब्यावर चढवल्या. खालून दोर आवळले. आठ दिवस ते काम चाललं होतं. झाल्यावर डबा एखाद्या मोठ्या मेंढरासारखा दिसायला लागला. पोरं आली, बायका आल्या, हसून गेल्या. आणि पाऊस पडला तेव्हा आबा मला डब्यात घेऊन गेले. आधी त्या पत्र्यावर थेंब पडला तरी ताशा वाजल्यासारखा वाजायचा, आत बोललेलं ऐकू यायचं नाही. आता बाहेर चांगली सर होती आणि आत काहीच नाही. आबा पलंगावर बसले, वर बोट दाखवलं आणि कुजबुजले, "पाह्य. आवाज सुदा न्हाई."

मलाही ते फार छान वाटलं होतं. आवाज येत नाही म्हणजे वरचं पाणी कुठं जातं, हा प्रश्न मला पडला नाही. माझे गणिताचे मास्तर म्हणायचे, मुक्ता, तू उत्तर बरोबर आलं की रीत बघत नाहीस.

मला काम दिलेलं होतं. उघडीप झाली की शिवण उसवून निम्म्या घोंगड्या उतरवायच्या, माळावर वाळत घालायच्या, दुसऱ्या दिवशी उरलेल्या. वाळल्या की पुन्हा चढवून टाके घालायचे. आबा दिवसभर मेंढरांमागं माळावर, आईला चढता येत नव्हतं, म्हणजे उरले मी. कोरडी घोंगडी जड असते. ओली घोंगडी म्हणजे काय ते ज्यानं उचललीय त्यालाच ठाऊक. मी शाळेतून यायचे, दप्तर टाकायचे, भाकरीचा तुकडा तोंडात धरून छपरावर चढायचे. हातांना दाभण टोचून टोचून लिहिताना बोटं दुखायची. सातवीचं वर्ष होतं. परीक्षा उन्हाळ्यात होती आणि आम्ही दिवाळीला निघणार होतो. म्हणजे जे घर वाळवायला मी शाळेतून पळत यायचे, तेच घर मला शाळेतून घेऊन जाणार होतं. हे एकदा डोक्यात आलं आणि मग हात चालेनात. आषाढभर मी घोंगड्या वाळवल्या. श्रावणात एक दिवसाआड. भाद्रपदात झड लागली, नऊ दिवस सूर्य दिसला नाही, तेव्हा वाळवायचा प्रश्नच नव्हता. पण झड उघडल्यावरही मी वर गेले नाही. आबांनी संध्याकाळी विचारलं, "वाळिवल्या का गं?" मी म्हटलं, "वाळवल्या." ते डब्याजवळ गेले, घोंगडीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. हात धुऊन जेवायला बसले. मला वाटलं, सुटले.

पुढच्या आठवड्यात मी आत झाडायला गेले. कोंदट वास येत होता, ओल्या मेंढीचा आणि त्याखाली दुसराच काहीतरी. मागच्या कोपऱ्यात लिंबाचा पाला काळा पडला होता. मी तो गोळा करायला बसले आणि टेकवलेला अंगठा जमिनीच्या तक्त्यात गेला. भिजलेल्या भाकरीत जावा तसा. भिंतीच्या कडेनं दोन छोट्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या. वर बघितलं तर छत मधोमध खाली आलेलं, आणि त्याला घामाच्या थेंबांसारखे थेंब लोंबत होते.

मी आईला हाताला धरून आणलं. ती पायरीवर टेकली, आत वाकली, तिनंही अंगठा दाबून पाहिला. मग तिनं अंगठा लुगड्याला पुसला. मी म्हटलं, "आबांना सांगू?" तिनं वेलाकडं बघितलं. वेल तोवर छपरापर्यंत गेला होता आणि काळ्या घोंगड्यांवर त्याची पिवळी फुलं आली होती. "इतक्यात नको," ती म्हणाली. "दमून येत्यात." दुसऱ्या दिवशी मी बघितलं तर त्या कोपऱ्यात जुन्या लुगड्याची घडी कोंबून वर गादीचं टोक ओढून ठेवलं होतं. मला एवढं बरं वाटलं की मी पुढं काही विचारलं नाही. मी खोटं बोलले होते आणि आईनं त्यावर लुगडं टाकलं होतं, असाच मी त्याचा अर्थ लावला.

दसरा गेला. दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं धुतली, गेरूनं रंगवली, आईनं त्यांना ओवाळलं. आबांनी दगड काढून डबा चाकांवर उतरवला. चाकं शाबूत होती, तेवढं मात्र मी पाजलेल्या पाण्याचं सार्थक झालं म्हणायचं. दुसऱ्या दिवशी उजाडताना भावकीतली दोन बिऱ्हाडं मेंढरं हाकत पुढं निघाली. आम्ही बैलगतीनं मागून जाऊन दुपारी त्यांना गाठायचं होतं. आबांनी नवं धोतर नेसलं होतं. जुंपण्याआधी त्यांनी वेल काढला. मला वाटलं होतं विळ्यानं कापतील, पण ते वेलाचं एकेक वेटोळं बोटानं सोडवत होते, आणि शेवटची दोन घोसाळी त्यांनी आईच्या ओटीत टाकली. "तिकडं करू भाजी. तुज्या हातची." घोंगड्या तशाच राहू द्यायच्या होत्या, वाटेत थंडीला कामाला येतील म्हणून. त्यांनी आईचा हात धरला. आईनं पायरीवर डावा पाय ठेवला, आत गेली, उभी राहिली. आबा खालून म्हणाले, "बस पलंगावर, राणीवानी." ती मागच्या पलंगाकडं वळली, दुसरं पाऊल टाकलं आणि तिचा पाय जमिनीतून खाली गेला. डब्याच्या पोटाखाली तिचं पाऊल आणि जोडवी दिसत होती. बैल बिचकले.

फार लागलं नव्हतं, नडगी सोलली होती. आबांनी तिला काढून पायरीवर बसवलं आणि मग ते वर चढले. दोर कापले. घोंगड्या ओढून एकेक खाली टाकली. प्रत्येक पडताना थप्प असा आवाज होत होता आणि खालची माती काळी होत होती. छपराचा पत्रा मधून परातीसारखा खोल झाला होता आणि जोडाजोडाला हिरवं शेवाळ होतं. ते उतरले, आत गेले. तक्ते मोडल्याचा आवाज येत राहिला, मग थांबला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात त्या लुगड्याची घडी होती, जांभळं, मोराच्या काठाचं. ते लुगडं त्यांनीच गेवराईच्या बाजारातून आणलेलं.

मग आईकडं बघून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "यायचं नव्हतं तं म्हनायचं व्हतं."

आईनं मान वर केली. "म्हनले आसते तं तुमी ऱ्हायले आसते का घरी?"

लांबून मेंढरांच्या घंटा ऐकू येत होत्या, त्या माळापलीकडं उतरल्या तशा बारीक झाल्या. मी भिंतीशी उभी होते. मला ओरडून सांगायचं होतं की घोंगड्या मी वाळवल्या नाहीत, खोटं मी बोलले, आईचं काही नाही. मी सांगितलं नाही. मला वाटलं, आता सांगितलं तर राहिलेलंही मोडेल. तेरा वर्षांच्या मुलीचा भित्रेपणा होता तो, त्याला दुसरं नाव नाही. आबांनी बैल सोडले, लुगड्याची घडी दोरीवर वाळत घातली, खाली पडलेल्या अकरांतली एक घोंगडी पिळून खांद्यावर टाकली आणि मेंढरांच्या वाटेनं चालू लागले. ओल्या घोंगडीच्या ओझ्यानं त्यांचा एक खांदा खाली झाला होता. आईनं त्या दिवशी घोसाळ्याची भाजी केली नाही. ती दोन घोसाळी बियाण्याला ठेवली.

आबा पुढची नऊ वर्षं तसेच जात राहिले, दुसऱ्याच्या चुलीची भाकरी खात. डब्यावर त्यांनी पुन्हा काही झाकलं नाही. तो लिंबाखाली उघडाच राहिला. आतले तक्ते आई चुलीला लावत गेली. वेल दर वर्षी त्याच्यावर चढायचा, आणि पाऊस आला की तो पोकळ पत्रा एवढा वाजायचा की आम्ही घरात एकमेकींशी मोठ्यानं बोलायचो. मी सातवी झाले, पुढं शिकले, माजलगावला शिक्षिका म्हणून लागले. आई एका थंडीत तापानं गेली. आबा तेव्हा गोदेच्या पलीकडं होते. निरोप पोचून ते आले तेव्हा तिसरा दिवस होता. त्या वर्षी त्यांनी मेंढरं भावकीत देऊन टाकली आणि घरी राहिले. घरी राहायला शेवटी त्यांना एवढं कारण लागलं.

त्यांच्या शेवटच्या पावसाळ्यात मी सुट्टी काढून त्यांच्यापाशी होते. दुपारची वेळ, ते घोंगडीवर पडलेले, मी माडगं गार करत बसलेली. पाऊस आला आणि घरामागं डबा वाजायला लागला. ते ऐकत होते. म्हणाले, "येवढा वाजतोय. आन म्या त्याला झाकून ठिवलता. तिला इचारलंबी न्हाई. गाडी आनली, जू बसवलं, सगळं केलं, येवढं एक इचारलं न्हाई."

मला राहवलं नाही. इतक्या वर्षांनी, तीन लेकरांची आई झाल्यावर, मी म्हटलं, "आबा, घोंगड्या मी वाळवत नव्हते. भाद्रपदात. मी खोटं सांगितलं होतं."

ते छपराकडं बघत होते. "ठावं हाय," म्हणाले. "ओली घोंगडी मला कळत न्हाई व्हय गं? हात लावून पाह्यलं व्हतं म्या."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो आसतो तं तू शाळा सोडून छपरावर बसली आसती." धाप टाकत, "मला वाटलं, लोकर हाय, सोसंल." मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "त्या साली पास झाल्ती ना तू?"

"झाले होते."

"मंग झालं तर," ते म्हणाले, आणि घोंगडी खांद्यावर ओढून भिंतीकडं वळले.